साऊमावशीची आजारी झाडं

व्हिएतनाममधल्या लाय वुंगच्या आमच्या कालव्याकाठी साऊमावशीनं ज्याची पाठ उघडी पाहिली नाही असा माणूस नव्हता. कुणाला वारं लागून अंग दुखू लागलं की त्यानं तिच्या ओट्यावर पालथं पडायचं. ती हिरवं तेल चोळायची आणि चांदीच्या नाण्यानं पाठ खरवडायची. पट्टे जितके काळपट उमटतील, तितकं वारं आत मुरलेलं. "एवढं काळं? बायकोनं रात्री अंगणात झोपवलं वाटतं," असं ती सगळ्यांदेखत म्हणायची आणि बहुतेकदा ते खरं निघायचं. त्या बातम्या पुढे गावभर कुणी नेल्या ते मी सांगणार नाही. आता तो ओटा गेला, तिथून रस्ता निघाला. तरी तिकडून जाताना मला उगाच त्या तेलाचा वास येतो.

मग संत्र्यांच्या बागांत पिवळा रोग शिरला. त्याला औषध नाही; रोगी झाड तोडलं नाही तर तो शेजारच्या झाडांत जातो. पंचाईत अशी, की खत कमी पडलं तरी पान पिवळंच होतं. धसक्यानं लोकांनी चांगली झाडं तोडली आणि मायेपोटी रोगी ठेवली. मावशीची कालव्याकडची रांगही पिवळी पडली होती. नव्या वर्षाला, तेतच्या सणाला, त्याच रांगेच्या फळांनी तिची होडी भरायची. ठेवावी की तोडावी, तिला काही ठरवता येईना.

तेवढ्यात फळसंशोधन केंद्रातून लाम आली. चष्मा सारखा नाकावरून घसरणारी, कोवळी पोर. तिची चाचणी साधी होती. पानावर सँडपेपर घासायचा, तो बाटलीतल्या थोड्या पाण्यात बुडवायचा, वर आयोडीनचा थेंब. पाणी काळं झालं तर झाड रोगी. आम्ही लगेच नाव ठेवलं, 'पानाचं वारं काढणं'. पण गावोगाव देण्याआधी चाचणी खरी ठरायला हवी होती. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत आधीच तपासलेली, पक्की रोगी आणि पक्की निरोगी झाडं हवीत. त्यांची पानं नुसते आकडे लावून आम्हा शेजारणींपुढे यायची. पान कुठल्या झाडाचं ते माहीत नसताना आम्ही ते घासून रंग सांगायचा.

रोगी झाडं सांभाळायला कुणी तयार होईना. मावशी झाली. रोग बाहेर पसरू नये म्हणून जाळीत ठेवलेल्या त्या झाडांच्या कुंड्या तिच्या परसात आल्या. "आजारी आहे म्हणून काय दारातून हाकलायचं?" ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी निरोगी पानांचं पाणी फिकं आलं. रोगी पानांचंही फिकंच आलं. लाम एकेक बाटली उजेडाकडे धरून बघत राहिली.

"मावशी, नीट घासलंत ना?"

"पोरी, मी माणसांची कातडी सोलते. पानाचं काय घेऊन बसलीस."

"मग चाचणीच खोटी. केंद्रात तसं कळवून टाकते." ती बाटल्या पेटीत भरू लागली.

मी आपलं गमतीनं म्हटलं, "मावशी, तू झाडांना पेज तर पाजली नाहीस ना? तुझा काही नेम नाही."

मावशी गप्प झाली. ती गप्प झालेली मी आधी कधी पाहिली नव्हती. गप्पच राहिली असती तर चाचणी खोटी ठरली असती आणि तिच्या रांगेला आणखी काही वर्षं कुणी हात लावला नसता. हे तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही.

"पेज नाही पाजली," ती म्हणाली. "सावली केली."

आम्ही परसात गेलो. जाळीवर नारळाच्या झावळ्यांचा जाड थर, वारं लागू नये म्हणून चारी बाजूंनी चटया. आत बाळंतिणीच्या खोलीसारखा अंधार.

"आजारी जीव. ऊन सोसवेना त्यांना," मावशी पुटपुटली.

लाम मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. "अहो मावशी, पान उन्हात पिष्ट, म्हणजे स्टार्च, तयार करतं. रोगी झाडात ते पुढे सरकत नाही, पानातच तुंबतं. आयोडीन पडलं की त्याचाच तो काळा रंग. उन्हावाचून तुंबायला काही उरेल का?"

झावळ्या आणि चटया निघाल्या. झाडांनी भरपूर ऊन खाल्लं आणि पुन्हा आकडे लावून पानं आली. या खेपेला रोगी पानांचं पाणी काळंभोर झालं. सगळ्या शेजारणींची उत्तरं जुळली, माझंसुद्धा. चाचणीच्या नियमांत एक ओळ वाढली: पान उन्हातलंच घ्यावं.

मग मावशीनं सँडपेपर उचलला. "आता माझी रांग. कुणी हात लावायचा नाही."

एकेका झाडाचं पान ती घासत गेली. बाटल्या काळ्या होत गेल्या. शेवटच्या दोन फिक्या राहिल्या.

"ही दोन?" तिनं विचारलं.

"ही नुसती उपाशी आहेत. खत घाला."

"आणि बाकीची?"

लामनं काळ्या बाटल्या तिच्यापुढे सरकवल्या. मावशीनं त्या एकदा हलवून पाहिल्या, खाली ठेवल्या आणि मला म्हणाली, "ताम, घरी जा. तुझ्या नवऱ्याला कोयता घेऊन पाठव. जाताना वाटेत कुणाशी बोलत बसू नकोस."

त्या तेतला होडी भरली नाही. दोन झाडांची फळं एका टोपलीत मावली. मावशीनं ती विकली नाहीत. थोडी पूर्वजांपुढे ठेवली, थोडी लामला पाठवली आणि दोन माझ्या हातावर ठेवली.

"दोनच?" मी म्हटलं.

"सावकाश सोलून खा," मावशी म्हणाली. "तेवढा वेळ गावाला शांतता."