बेवारस गाडी

आमच्या गल्लीत करंजाच्या झाडाखाली एक करडी गाडी वर्षभर उभी होती. चाकांतली हवा गेलेली, काचेवर पानांचा थर. हिचा विमा तरी असेल का, असं आम्ही येताजाता म्हणायचो. शेवटी मीच वाहतूक पोलिसांकडे अर्ज दिला. त्यांनी नंबरावरून मालक शोधला.

आठवड्याने हवालदारासोबत सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी चालत आली. घर तीनच गल्ल्या पलीकडे होतं.

"बाबा, तुम्ही तर गाडी विकली म्हणाला होतात!" मुलगी म्हणाली.

ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "कुठे लावली तेच आठवेना गं. चार दिवस शोधली. सांगायची लाज वाटली."

अर्जात मी 'बेवारस' असं लिहिलं होतं. लिहिताना तो शब्द किती सोपा वाटला होता! मला टाकून दिलेली वाटली ती गाडी कुणीतरी गल्लोगल्ली शोधत होतं. त्या चार दिवसांत ते माझ्या दारावरूनही गेले असतील.

"काका, इथे सही करा. गाडी दोन दिवसांत हलवा," हवालदार आवाज खाली आणून म्हणाला.

सही करून दोघं परत निघाली. कोपऱ्यावर ते थबकले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मुलगीही थांबली. तिने हात दाखवला नाही, घाई केली नाही. बऱ्याच वेळाने ते डावीकडे वळले, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर चालू लागली.