आठ मिनिटं मागे

कचेरीत त्यांना सगळे तात्या म्हणत. तळमजल्यावरच्या थंडगार खोलीतले अकरा सर्व्हर एकोणीस वर्षं त्यांच्या हवाली होते. या सर्व्हरवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर सोमवारी अपग्रेड झालं आणि पडद्यावर अकराही यंत्रं लाल झाली. यंत्रं सुरू होती, पण नवं सॉफ्टवेअर त्यांना ओळखच देईना.

"तात्या, तुमची लेकरं रुसली की काय?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"बघतो, साहेब."

तात्यांनी पासवर्ड तपासले, परवानग्या तपासल्या, नोंदी ओळ न् ओळ वाचल्या. दुपारी एका ओळीवर बोट थांबलं. सर्व्हरची वेळ नव्या सॉफ्टवेअरच्या वेळेशी जुळत नव्हती.

ती वेळ त्यांनीच मागे ठेवली होती. आवक-जावक सांभाळणाऱ्या वहिनींची आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं उरकून वहिनी धापा टाकत येत, तरी हजेरीयंत्र लाल शेरा मारीच. ते यंत्र वेळ घेई सर्व्हरकडून. चार वर्षांपूर्वी तात्यांनी अकराही सर्व्हरचं घड्याळ गुपचूप आठ मिनिटं मागे केलं. हळूहळू साहेब सोडून सगळ्यांना कळलं. संध्याकाळी आठ मिनिटं जास्तच बसावं लागे, म्हणून कुणाचं मन खात नव्हतं. जुनं सॉफ्टवेअर या फरकाकडे काणाडोळा करी. नवं पाच मिनिटांपलीकडे ऐकत नव्हतं.

घड्याळ पुढे करून गप्प बसता आलं असतं. पण प्रत्येक बिघाडाचं खरं कारण लेखी द्यायचं, हा नियम तात्यांनीच घातलेला.

"माझं नाव नको हं, तात्या," हे कळताच वहिनी खाली येऊन कुजबुजल्या.

"नाही घेणार."

घड्याळ पुढे झालं, अकराही दिवे हिरवे झाले. तात्यांनी कागदावर लिहिलं, 'वेळ मी बदलली होती.' साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत होतं?"

वहिनीच पुढे होऊन म्हणाल्या, "आम्हाला काय कळतंय त्यातलं, साहेब? आम्ही यांच्या भरवशावर."

तात्यांची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस तुम्हाला," घरी बायको म्हणाली. "निदान त्या वहिनीला तोंडावर विचारायचंत तरी!"

"विचारलं असतं," तात्या बूट काढत म्हणाले, "पण ती माझ्याकडे बघतच नव्हती."