कंपाउंडरबाईंची पाठ

नंदनवन वस्तीतल्या माझ्या दवाखान्यात पेशंट खुर्चीवर बसायच्या आधीच कंपाउंडरबाई त्याचं दुखणं ओळखत. नुसत्या चालीवरून. "याले लकवा होऊन गेला, पाय फेकून राहिला पहा," असं हळूच सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर निघत. लागल्या होत्या झाडूपोछ्याला. नंबर लावता लावता पेशंटांनीच त्यांना कंपाउंडर केलं.

बाई रामटेककडच्या. डब्यात नेहमी लाखोडीच्या डाळीचं काहीतरी. वडे असले की पहिला माझ्या टेबलावर यायचा. रोज लाखोडी खाल्ली तर पाय जातात, हे मी सारखं ऐकवायचो. "पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या, डॉक्टरसाहेब. खा तुमी!"

गेल्या उन्हाळ्यात त्यांची पाठ दुखू लागली. वाकून काम करता, म्हणून दुखते, असं म्हणत मी गोळ्या दिल्या. मग एक दिवस पोछा मारताना त्या अडखळून पडल्या. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तर पाय ताडकन उडाला. दोन्ही पाय ताठ होते. सैल पडले असते तर पायांच्या नसांवर संशय गेला असता. ताठ, म्हणजे दोष बहुधा मज्जारज्जूत. इथवर मी बरोबर होतो. पण बाहेर रांग होती.

"सांगत होतो ना? लाखोडी!"

बाईंनी मुकाट्यानं लाखोडी सोडली. पाठीचं मात्र सांगत राहिल्या. संध्याकाळी कणकण येते म्हणाल्या. एकदा हसत म्हणाल्या, "काल चप्पल रस्त्यातच निघून गेली, मले समजलंच नाही!" मीही हसलो. लाखोडीनं ताकद जाते, पायाचा स्पर्श जात नाही, हे मला माहीत होतं. तरी हसलो.

दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांना उठताच येईना. लघवीही अडली. मुलानं त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं मणक्यांवरून बोटं फिरवली, तशा एका जागी बाई कळवळल्या. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. आतला पू मज्जारज्जूवर दाबत होता. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. लघवीचं सुधारलं, पाय मात्र वॉकरपुरतेच परत आले. बाई आधी आल्या असत्या तर कदाचित चालल्या असत्या, असं तिथला सर्जन मला म्हणाला. त्या आधी कोणाकडे गेल्या होत्या, ते त्याला ठाऊक नव्हतं.

सक्करदऱ्याला त्यांच्या घरी जायचा धीर व्हायला मला महिना लागला.

"बाई, लाखोडी नव्हतीच ती. चूक माझी झाली."

"मंग त्या पोरीले कसं समजलं?"

"तिनं पाठीला हात लावून पाहिला."

"बस? इतकंच?"

मी मान डोलावली. बाईंनी माझ्यावरची नजर वळवली आणि आत सुनेला हाक मारली, "डॉक्टरसाहेबाले चहा ठेव वं."