आधी शिवलेलं दुपटं

स्वतःसाठी वेळ काढा, असं सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. मोबाईलवर एक बाई रोज दिसते. पांढरी भिंत, कुंडीत एक पान, आणि ती गोड आवाजात सांगते की सकाळचा थोडासा वेळ फक्त तुमचा, त्यात रंगवा, शिवा, चिकटवा. तिच्यामागे कधी कुकरची शिट्टी होत नाही. मी दिल्लीत मयूर विहारमधल्या फ्लॅटमध्ये राहते, सरकारी ऑफिसात फायलींच्या ढिगाखाली बसते, नवरा बदलीवर भोपाळला असतो आणि घरी ऐंशी ओलांडलेली आई आहे. माझी सकाळ माझी कधीच नव्हती.

तरी मी वेळ काढत होते. मुलीने वाढदिवसाला जाड कागदाचं आर्ट जर्नल आणून दिलं होतं. "आई, तुला एक हॉबी पाहिजे यार, नाहीतर रिटायर झाल्यावर आमचं डोकं खाशील," असं म्हणून. मुलगी गुडगावला राहते आणि तिथल्याच एका कंपनीत काम करते. पहिले काही आठवडे ते जर्नल कपाटात तसंच पडून होतं. मग एका रविवारी मी त्यात जुन्या ब्लाउजचा तुकडा चिकटवला, बाजूला जलरंगांनी दोन पट्टे ओढले आणि मला उगाच फार बरं वाटलं. तेव्हापासून रविवारची दुपार जर्नलची, आणि रोजचा मेट्रोचा प्रवास हाताने शिवायचा. बसायला जागा मिळाली की पिशवीतून भरतकामाची छोटी चौकट काढायची आणि टाके घालायचे. मेट्रोच्या तपासणीत एकदा माझी कात्री अडली. "मॅडम, ये अंदर नहीं जाएगी," असं ती वर्दीतली मुलगी इतक्या गंभीरपणे म्हणाली, जणू मी विमान पळवायला निघाले होते. दुसऱ्या दिवसापासून मी नेलकटर ठेवायला लागले. दोरा त्यानेही तुटतो.

हे शिवण माझं नव्हे, आईचं. बाबा केंद्र सरकारात होते आणि आमची सगळी वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. त्या आख्ख्या ब्लॉकमध्ये कुणाकडे बाळ झालं की आई दुपटं शिवायची. मराठी असो, पंजाबी असो, मल्याळी असो, बाळाला आईचं दुपटं मिळायचंच. घरात नेसून नेसून मऊ झालेल्या सुती साड्या ती एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्याने ओळीमागून ओळ घालत जायची. तिच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या सरळ असत. तिचा एकच नियम होता. बाळ जन्मल्याची बातमी आल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. बातमी आली की मात्र बारशाच्या आत दुपटं पुरं झालं पाहिजे, मग त्या दिवसांत आम्हाला खिचडीशिवाय काही मिळायचं नाही.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता मुलीला दिवस गेल्याचं कळलं. आई खूश झाली, आणि दोन-तीन दिवसांनी गप्प झाली. मी विचारलं तर तिने नुसते हात पुढे केले. हात थरथरतात तिचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक दिसत नाही. पूर्वी जी ओळ ती बोलता बोलता संपवायची, ती आता तिला अर्धा अर्धा दिवस पुरते.

"बाळ झाल्यावर घेतलं तर ते शाळेत जाईपर्यंत होणार नाही माझ्याच्याने," ती म्हणाली.

"मग आत्ता घे."

"आत्ता कसं घेणार?"

यावर तिने स्वतःच तोड काढली. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर देवापुढे उभी राहून, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने सांगितलं की मी मिक्सरचं कव्हर शिवायला घेत आहे. मी स्वयंपाकघरात हसू दाबत उभी होते. देवाला आमच्या घरचा मिक्सर केवढा आहे हे माहीत नसावं अशी तिची अपेक्षा होती.

मग आमची एक पद्धत बसली. साड्या अंथरून थर एकमेकांना कच्च्या टाक्यांनी जोडायचं काम मी केलं, कारण त्याला डोळे चांगले लागतात. रोज ऑफिसला निघण्याआधी मी बऱ्याचशा सुयांत दोरा ओवून त्या उशीत टोचून ठेवायचे. दिवसभर आई एकेक सुई काढून शिवायची, दोरा संपला की दुसरी घ्यायची. मी परतायचे तेव्हा रिकाम्या सुया एका वाटीत पडलेल्या असायच्या. त्या सुयांवरून मला तिचा दिवस कसा गेला ते कळायचं. थंडी सुरू झाली तशी ती खाली सोसायटीच्या बागेत उन्हात बसायला लागली. तिथल्या बायका विचारायच्या, "आंटी जी, क्या बना रही हो?" आई सांगायची, "मिक्सर का कवर." "इतना बड़ा मिक्सर?" असं कुणी म्हणालं की ती ऐकू आलं नाही असं दाखवायची.

तिच्या ओळी आता सरळ नव्हत्या. वरखाली जायच्या, मध्येच एक टाका लांब पडायचा. मी एकही उसवला नाही. रविवारी जर्नलच्या पानावर दुपट्याच्या साड्यांची एक कातरण चिकटवायची, आणि आईची ओळ जशी वाकडी गेली असेल तशीच पेनाने बाजूला काढायची, असं मी सुरू केलं होतं. इतकी वर्षं मी तिचा हात पाहत आले, पण तो कसा चालतो हे मला त्या पानांनी शिकवलं. ते रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले रविवार होते.

मुलगी मध्ये एकदा राहायला आली. आईच्या मांडीवरचं कापड बघून तिने विचारलं, "आजी, हे काय?"

"मिक्सरचं कव्हर."

"अच्छा." तिने ते ओढून स्वतःच्या पोटावर पांघरलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तुझा मिक्सर लाथा मारतोय आजी."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलीने स्वतः बाळासाठी काहीच घेतलं नव्हतं. तिची सासू पंजाबी आहे, आमचं तिचं कशावर एकमत होत नाही, पण बाळ होण्याआधी घरात त्याची वस्तू आणायची नाही यावर दोन्ही घरं ठाम होती. मुलगी फोनवर पाळणे, टोपडी, मोजे बघायची, खुणा करून ठेवायची आणि फोन बंद करायची.

सातवा महिना संपत आला असताना एका सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, कालपासून हालचाल कमी वाटतेय. मी ऑफिसच्या वाटेवर होते, तशीच उलटी फिरले. हॉस्पिटलमध्ये पोचले तोवर डॉक्टरांनी जावयाला सांगितलं होतं. बाळाचे ठोके थांबले होते. वारेतून बाळाला रक्त पुरेसं पोचत नव्हतं, कुणाला कळण्यासारखं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मुलीला औषधाने कळा आणून ते बाळ जन्माला घालावं लागलं. मुलगा होता. तिने त्याला थोडा वेळ हातात घेतलं. मग जावई आणि त्याचे वडील त्याला घेऊन गेले आणि काय करायचं ते करून आले. आम्हा बायकांना कुणी नेलं नाही. मी मुलीशेजारी बसून होते आणि ती छताकडे बघत होती.

आईला मी फोनवर सांगितलं. चांगलं केलं नाही, पण समोर बसून सांगायची ताकद नव्हती. घरी आले तेव्हा दुपटं दिसलं नाही. आईने ते पिशवीत कोंबून कॉटखाली सरकवलं होतं.

"मी आधी घेतलं," ती म्हणाली. इतकंच.

मला भयंकर राग आला. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, वार म्हणजे काय, रक्त कसं जातं. मी ओरडले. सुईने असं होत असतं तर आख्ख्या दिल्लीत एक बाळ जगलं नसतं, असंही बोलले. ती टीव्हीवरच्या बातम्या ऐकते तसं ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "देवाला फसवायला गेले मी."

त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही. माझ्या ब्लाउजचं हूक निघालं तर म्हणाली, बाहेरून लावून घे. उन्हात बसायला जाईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती मुलीशी बोलेना. फोन पुढे केला की मान हलवायची. कुठल्या तोंडाने बोलू, म्हणायची. तिकडे मुलीला वाटत होतं की आजी आपल्याला टाळते, आपल्याकडून काहीतरी अशुभ घडलंय असं आजीला वाटतंय. "आजीला माझं नाव पण नको झालंय का?" असं ती मला एकदा म्हणाली. मी दोघींना एकमेकींचं सांगत होते आणि दोघींना माझं खोटं वाटत होतं. आईचं वय बघता मला एकच भीती होती, की या दोघी आता अशाच राहतील आणि एक दिवस आई जाईल. मुलगी मग जन्मभर तेच मनात धरून बसेल.

तोवर मला वेळच वेळ झाला होता. महिनाभराची रजा घेतली, काही दिवस मुलीकडे राहिले, परत आले. ज्या वेळासाठी मी इतका आटापिटा केला तो घरभर पडलेला होता. रविवारी जर्नल उघडायचे, रंग ओले करायचे आणि ते वाळून जायचे. त्या कातरणींची पानं फाडावीत असं वाटायचं आणि फाडवत नव्हती. रजा संपल्यावर मेट्रोत रिकाम्या हाताने बसायला लागले. एकदा राजीव चौकला गाडी थांबलेली असताना मी रडायला लागले. शेजारच्या अनोळखी मुलीने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

होळी होऊन काही आठवडे झाल्यावर मुलगी आली. आधी कळवलं नव्हतं. आई आतल्या खोलीत होती, आवाज ऐकून तिने भिंतीकडे तोंड केलं. मुलगी चप्पल काढून सरळ आत गेली आणि कॉटवर तिच्या पायाशी बसली. मी दारात उभी राहिले.

"आजी, ते दुपटं कुठंय?"

आईने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "उसवून टाकते. तसंच राहून गेलंय." आणि तिने तोंड मुलीकडे वळवलं. "मी आधी घ्यायला नको होतं गं. माझ्यामुळे झालं. तू माझ्यावर रागव, पण बोल."

"उसवू नको," मुलगी म्हणाली. "आजी, माझ्याकडे त्याचं काहीच नाहीये. एक मोजा पण नाही. सगळे म्हणाले आधी काही घ्यायचं नाही, तर मी नाही घेतलं. बिल्कुल काही नाही. हॉस्पिटलमधून घरी आले तर घर जसंच्या तसं होतं. असं वाटलं की कुणी येणारच नव्हतं. मीच काहीतरी मनाने बनवलं होतं. तू शिवत होतीस ना त्याच्यासाठी. ते एकच आहे."

आई उठून बसली. तिला वाकता येत नाही म्हणून पिशवी मी कॉटखालून ओढली. दुपटं बाहेर काढून तिने ते गादीवर पसरलं. अर्ध्याच्या थोडं पुढे ओळी थांबलेल्या होत्या, बाकीच्या भागावर माझे कच्चे टाके होते. ती बोटांनी ओळी चाचपत राहिली. मग तिने मुलीकडे बघून विचारलं, "केवढा होता?"

हे मुलीला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. सगळे तिला खा, झोप, पुढचं बघ म्हणत होते, त्यात मीही होते. मुलीने आपला हात कापडावर ठेवला, कोपरापासून मनगटाच्या जरा पुढपर्यंत बोटाने दाखवलं. "एवढा. आणि केस होते आजी. खूप केस."

"तुलाही होते," आई म्हणाली.

मुलगी रडायला लागली. इतक्या दिवसांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. आईने तिचा हात तसाच कापडावर दाबून धरला. दुसऱ्या हाताने शेवटची ओळ चाचपून ती म्हणाली, "मग इथवर पुरतं त्याला."

तिने माझ्याकडे कात्री मागितली. हात थरथरत होता म्हणून कापड मी ताणून धरलं आणि तिने न शिवलेला भाग कापून वेगळा केला. कड मी आत दुमडून दिली. मी सुया ओवत बसले. एका टोकाकडून आई आणि दुसऱ्या टोकाकडून मुलगी अशा दोघी शिवत आल्या. मुलीने यापूर्वी कधी सुई धरली नव्हती, तिचे टाके बोटभर लांब पडत होते आणि आईने ते तसेच राहू दिले. खिडकीतलं ऊन जाईपर्यंत कड बंद झाली.

आईने दोरा तोडला, दुपटं हाताने सारखं केलं आणि मुलीच्या मांडीवर ठेवलं. "घे," ती म्हणाली. "त्याचं आहे."

मुलीने त्याची घडी घातली नाही, पर्समध्येही ठेवलं नाही. हातावर घेऊन ती खाली टॅक्सीपर्यंत गेली आणि आम्ही दोघी बाल्कनीतून बघत राहिलो.