तारलीच्या पोटातली बातमी

कळव्याच्या बाजारातली माझी मासेवाली गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत नाही. ती हातातली पिशवी पाहते आणि त्यावरून आपला सूर ठरवते. मी 'बाय', तर घासाघीस करणारा प्रत्येक जण 'शेठ'. बोलताना तिच्या बांगड्या वाक्याच्या आधी वाजतात, आणि खवल्यांनी चंदेरी झालेला अंगठा ते वाक्य संपवतो.

परवा एका चष्मेवाल्या गृहस्थांनी तिच्या पाटीसमोर उभे राहून मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली: तारली समुद्रातले अतिसूक्ष्म जीव गिळते, आणि त्यांच्यासोबत प्लास्टिकचे कणही तिच्या पोटात जातात. तारलीचा वाटा उचललेल्या दोघी बायका तो खाली ठेवून मागे सरल्या. सकाळची सगळी विक्री बुडायची लक्षणे दिसू लागली.

तिने एक तारली उचलली, अंगठ्याने पोट फाडले आणि आतडी थेट त्यांच्या मोबाइलवर ठेवली.

"दाव रं दादूस, कुठं हाय तुजं प्लास्टिक?"

"अहो, ते डोळ्यांना दिसत नाही!"

"मंग चष्मा कशाला लावलास?"

बाजार हसला. दोघी बायका परतल्या. गृहस्थ मोबाइल पुसत निघून गेले. तारलीचा वास कोणत्याही बातमीपेक्षा टिकाऊ असतो.

गर्दी ओसरल्यावर एक मांजर रोजच्या हक्काने आतड्यांच्या ढिगाकडे आली. बाईने तो ढीग झटकन फडक्याखाली दडवला. मग एक चांगली मोठी तारली पोट साफ करून दोनदा धुतली आणि मांजरीपुढे ठेवली.

माझ्याकडे न पाहता ती पुटपुटली, "गाभण हाय ती, बाय."