काठावरची लाइन

गोरव्याच्या कारखान्यात विजेची पॅनेलं बनवण्यात माझी वीस वर्षं गेली, म्हणून एका तळ्यावरच्या बॅटरीच्या बोटीला काठावरून चार्जिंगची लाइन द्यायचं काम माझ्याकडे आलं. वायर जोडली की सुरक्षेचा स्विच लगेच आपोआप बंद पडायचा. बोट सांभाळणारे वयस्कर गुजराती काका म्हणाले, "बेन, कुठेतरी करंट गळतोय. आधी ते शोधा."

मला घरी जायची घाई होती. "काका, हे माझं काम आहे," असं त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं आणि तो स्विच वगळून लाइन सरळ जोडून टाकली.

काका ओल्या पायांनी दोर बांधायला गेले. बोटीचा लोखंडी कठडा धरताच झटका बसून ते पाण्यात पडले. मी मेन बंद केला आणि आम्ही त्यांना बाहेर काढलं. उजवा तळहात भाजला होता, पण ते शुद्धीवर होते.

तळ्यावरचे व्यवस्थापक धावत आले. "काय झालं?"

"पाय घसरला," काका म्हणाले. आणि मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर बोटीच्या कडेला घासून वायरचं आवरण फाटलं होतं. वायर बदलली, स्विच परत बसवला आणि मग व्यवस्थापकांना खरं सांगितलं. त्यांनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं, ते योग्यच होतं.

संध्याकाळी माफी मागायला प्रतापनगरला काकांच्या घरी गेले. "तुमचं काम जाऊ नये म्हणून तसं बोललो," म्हणत त्यांनी डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला. मला मान वर करता आली नाही.