भिंतीवरची भाकर

तुदाच्या हातची भाकर चांगली फुगते, पण बापाच्या घरात तिला कधी कुणी पीठ मळू दिलं नाही. सुट्टीत ती डोंगर चढून तिझगीला आली की आई हद्दा तिच्यापुढे चहाची किटली ठेवायची, भाजी चिरायला द्यायची, लोकर विंचरायला द्यायची. तुदानं परातीकडे हात नेला की मात्र म्हणायची, "राहू दे गं. तुझे बाबा खाणार नाहीत." भाकरीच्या टोपलीवर फडकं असायचं आणि फडक्याच्या गाठीवर आईचा डोळा. गावात शेंबड्या पोरालाही त्याचं कारण ठाऊक होतं. बासूची पोरगी शाळेच्या वसतिगृहात भाकर चोरताना सापडली होती.

खरं काय झालं ते कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. सांगते मी.

तुदाची थोरली बहीण इज्झा अंगात धड भरली नव्हती तेव्हाच पलीकडच्या खोऱ्यात दिली होती. पहिल्याच बाळंतपणात, बर्फानं वाट बंद असताना, ती गेली. सुईणीनं हात टेकले आणि खालचा दवाखाना चंद्राइतका लांब. तिझगीत त्यावर चार दिवस रडणं झालं आणि पाचव्या दिवशी आत्या तुदाकडे बघून म्हणाली, "हीसुद्धा आता मोठी झाली की. माझा हम्मू आहेच." तुदानं त्या दिवशीच ठरवलं, इथं राहायचं नाही. मास्तरांनी बासूची मनधरणी केली, सरकारी वसतिगृहात खाणं फुकट असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठं तो तयार झाला. पण निघताना त्यानं बजावलं, "खालून माझ्यापर्यंत एकदा जरी बोलावणं आलं ना, तर खेचरावर बसायचं आणि घरी यायचं. मग मास्तर नाही नि कुणी नाही." घरी म्हणजे हम्मूच्या घरी, हे तिला न सांगता कळलं.

वसतिगृह म्हणजे लांबलचक थंड खोली, लोखंडी खाटा, आणि मागच्या अंगणात मोरी नि संडास. सकाळी पाण्यासारखी पातळ रव्याची पेज. दुपारी मसूर, त्यात खडे इतके की पोरी म्हणायच्या, डोंगर सोडून आलो तर डोंगर ताटात आला. रात्री पांढरे वाल. शुक्रवारी कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवाळ सांजा, आणि त्यावर सलगम, भोपळा नि मांसाचे मोजके तुकडे. एका टेबलावर आठ पोरी, सगळ्यांत मिळून एक मोठं ताट, प्रत्येकीच्या हाताशी गोल जाड भाकरीचा आपापला वाटा. मांस ताटाच्या मधोमध असतं आणि टेबलाची मुख्य पोरगी वाटेपर्यंत कुणी त्याला हात लावत नाही, ही आमच्याकडची घरोघरची रीत. घरी वाटणारी आजी असते. इथं झुबिदा होती.

झुबिदा सपाटीवरची, धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, अंगानं थोराड. तिच्या वाटणीत मैत्रिणींना मांस, बाकीच्यांना चरबी आणि तुदाला हाड. त्याचं तुदाला फारसं वाईट वाटलं नाही, घरी तरी मांस कोण वाढून ठेवत होतं! खरा खेळ सुरू झाला भाकरीवरून.

पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी धक्का लागून एक तुकडा खाली पडला. तुदानं तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून अंगणात जाऊन मोरीमागच्या भिंतीवर ठेवून आली. यात नवल काहीच नव्हतं. झुबिदाच्या आईनंही तिला हेच शिकवलं असणार. पण वसतिगृहात आलं की घरचं शिकवलेलं सगळ्यात आधी जातं, आणि ज्याचं गेलं नाही त्याच्याकडे बघून बाकीच्यांना राग येतो.

"अगं बाई, ही तर भाकरीचे मुके घेते!" झुबिदा ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तुकडा फेकला. आपला नाही, तुदाचा. "तुदे, तुझा नवरा पडला बघ. उचल, उचल, रुसेल!" सगळं टेबल खिदळलं. तुदानं उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला. मग रोज. कधी खाटेखाली, कधी मोरीत, कधी संडासाच्या उंबऱ्यात, आणि पोरी दाराशी गर्दी करून उभ्या, ही तोंडाला लावते की नाही ते बघायला. तुदा लावायची. तिला खेळ कळत नव्हता असं नाही, चांगला कळत होता. पण भाकर जमिनीवर पडलेली आहे आणि आपण पुढं चाललो आहोत, हे तिच्या पायांना जमतच नव्हतं. घाणीतला तुकडा खाता येत नसे, म्हणून तो भिंतीवर जायचा, पाखरांसाठी. ती उपाशी राहायची.

एकदा तिनं झुबिदाला गाठून सांगितलं, "मला मार हवं तर. भाकर टाकू नको."

"तुला मारून काय मिळणार?" झुबिदा म्हणाली. "त्यात हसू कुठं येतं?"

मग थंडी पडली, पाखरं खाली निघून गेली आणि भिंतीवरचे तुकडे तसेच साठत राहिले. वळचणीखाली वाळून खडखडीत झाले.

वसतिगृह लल्ला बतूलच्या ताब्यात होतं. लल्ला बतूल पाच वेळा नमाज पढायची आणि महिन्यातून एकदा पिठाचं पोतं बहिणीच्या घरी पोचवायची. स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत होतं. त्या हिवाळ्यात पीठ फारच कमी पडायला लागलं, वरून विचारणा झाली, आणि नेमकी तेव्हाच तिची नजर भिंतीकडे गेली. गावात गाढवगाडी घेऊन एक म्हातारा फिरायचा, वाळकी भाकर गुरांसाठी विकत घ्यायचा. लल्ला बतूलला आयती चोर सापडली.

जेवणाच्या वेळी तिनं सगळे तुकडे परातीत भरून आणले. "हे कुणी ठेवले?"

"मी," तुदा म्हणाली. तिला वाटलं, शाबासकी मिळेल.

"का?"

"खाली पडले होते."

"एवढे? कुणी पाडले?"

सगळ्या पोरी ताटात बघायला लागल्या. एरवी त्या ताटात बघण्यासारखं काही नसायचं. तुदानं झुबिदाकडे पाहिलं. झुबिदा शांतपणे वाल खात होती.

"विकायला साठवत होतीस. हो की नाही? तोंड उघड!" लल्ला बतूलनं परात तिच्यापुढे आदळली. "मग आता खा. सगळं संपव. उभ्यानं खा."

तुदानं खाल्लं. बुरशी आलेलं, माती लागलेलं, मोरीतलं, सगळं. हिरड्यांतून रक्त आलं. तुकडे संपेनात तेव्हा लल्ला बतूलनंच कंटाळून उरलेले बाहेर नेऊन टाकायला लावले, आणि ते कुठं टाकणार? तुदानं ते परत भिंतीवरच ठेवले. संध्याकाळी खेचरवाल्याबरोबर तिझगीला निरोप गेला, की येऊन पोरीचे प्रताप बघून जा.

बाजाराच्या दिवशी बासू आला. अंगावरचा लोकरीचा झगा पावसानं जड झालेला, पायांत चिखल. लल्ला बतूलनं त्याला बसायलाही सांगितलं नाही. "तुमची मुलगी भाकर चोरते," ती म्हणाली.

"कुठं आहे चोरलेली?"

तिनं त्याला अंगणात नेलं. बासू भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला. त्यानं एक तुकडा उचलला, ओठांना लावला, परत जागेवर ठेवला. मग वळला तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला होता, जवळजवळ हसराच.

"चोर कधी माल उघड्यावर मांडून ठेवतो का, बाई? ही पडलेली उचलून ठेवली आहे. माझ्या आईची रीत आहे ही. तिनंच शिकवलेलं, नाही तर काय!"

तुदाला वाटलं, सुटले. धावत जाऊन बापाच्या ओल्या झग्यात तोंड खुपसावं असं वाटलं.

पण बासूचं बोलणं संपलं नव्हतं. "म्हणजे इथं भाकर फेकतात," तो सावकाश म्हणाला. "एवढी फेकतात. संडासाच्या दाराशी. आणि तुम्ही देखरेखीला!" त्याचा आवाज चढला. "जिथं भाकर पायाखाली येते तिथं मी माझी पोर ठेवू? काय शिकणार ही इथं? तुदे, गाठोडं आण. खेचर बाहेर बांधलं आहे."

"अहो, मी न्यायला कुठं सांगितलं?" लल्ला बतूल गडबडली. चोर घरी गेला तर पुढच्या पोत्याचं कुणावर ढकलायचं? "दोन दिवस उपाशी ठेवते, वळण लागेल तिला."

"तुदे, गाठोडं!"

निर्दोष ठरली म्हणून तिला घरी जावं लागणार होतं. चोर असती तर राहता आलं असतं, कारण चोराला बाप घरात घेत नाही आणि आत्या सून करत नाही. एवढ्याशा पोरीनं तिथल्या तिथं हे ओळखलं. डोळ्यांपुढं इज्झा आली, बर्फ आलं, आत्याचा हम्मू आला.

"बाबा, मी चोरली," ती म्हणाली.

"काय?"

"मी चोरली. विकणार होते. कुणी फेकली नाही."

 बासूनं झग्याला जोडलेल्या, पाठीवर लोंबणाऱ्या टोपीत हात घालून फडक्यात गुंडाळलेली जवाची भाकर काढली. हद्दानं पहाटे लेकीसाठी भाजलेली. त्यानं ती तळहातावर धरली. "हात ठेव हिच्यावर. या अन्नाची शपथ घेऊन सांग."

आमच्याकडे लोक मुलांच्या डोक्यावर हात ठेवून एखादवेळ खोटं बोलतील, पण भाकरीवर नाही. खोटी शपथ घेणाऱ्याचे डोळे जातात आणि त्याच्या घरच्यांच्या शेताला धान्य धरत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. तुदानं हात ठेवला. बापाच्या अंगाला लागून आलेली भाकर अजून कोमट होती.

"या अन्नाची शपथ. मी चोरली."

बासूनं हात मागे घेतला. तो तिला मारील असं वाटत होतं, पण त्यानं मारलं नाही. भाकर लल्ला बतूलपुढं धरली आणि म्हणाला, "ही ठेवा. हिनं चोरलं त्याची भरपाई. आणि हिला इथंच राहू द्या. घरात आणखी पोरं आहेत, त्यांच्या ताटात मी चोराला बसवणार नाही."

लल्ला बतूलनं भाकर घेतली. दुपारी चहाबरोबर खाल्लीसुद्धा.

शुक्रवारी झुबिदानं मांस वाटताना मोठा तुकडा तुदापुढं सरकवला. "खा. तू नाव घेतलं नाहीस." तुदानं खाल्ला. चांगला लागला, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. पुढच्या वर्षी वरच्या खोऱ्यातली एक नवी पोरगी आली आणि तिच्यापुढं तुकडे पडायला लागले. ती उचलून ओठांना लावायची. तुदा मान खाली घालून मसुरातले खडे निवडत बसायची. आता तिच्या पायांना सगळं जमत होतं.

ती शिकली. नर्स झाली. त्याच खालच्या दवाखान्यात लागली आणि कितीतरी इज्झा तिच्या हातांनी वाचल्या. पगारातून तिनं बापाच्या घराचं छप्पर घातलं. तिनं आणलेली साखर बासूला चालायची, तेल चालायचं, ईदला तिच्या पैशांचा बोकड चालायचा. भाकर चालायची नाही. भाऊ चेष्टेनं म्हणायचे, "ताई आली, टोपली मोजा रे!" आणि बासू हसायचा नाही, पण त्यांना गप्पही करायचा नाही.

तिनं सांगून का टाकलं नाही? सांगणार काय? बाबा, मी चोर नाही, मी भाकरीवर हात ठेवून खोटी शपथ घेतली! शपथेनंतरच्या उन्हाळ्यात गारा पडून तिझगीचा सगळा जव आडवा झाला होता. बासू बांधावर डोकं धरून बसला होता. दवाखान्यात शिकलेली तुदा गारांचं कारण इतर कुणालाही समजावून सांगेल, पण स्वतःला नाही सांगू शकली.

परवाच्या हिवाळ्यात बासू अंथरुणाला खिळला. जायची वेळ आली हे त्याला कळलं, तसं त्यानं भाऊबंद, शेजारी, आत्यासकट सगळे गोळा केले आणि तुदाला उशाशी बोलावलं.

"पोरी, मला असं जायचं नाही," तो म्हणाला. "तू लहान होतीस. भूक लागली असेल. विकायचं नसेल, पोटासाठीच असेल. मी माफ करतो. पण सगळ्यांपुढं एकदा तोंडानं म्हण, म्हणजे तूही मोकळी, मीही मोकळा."

 खरं अगदी जिभेवर होतं. हद्दा पदर तोंडाला लावून बघत होती. मरणाऱ्या माणसाला आता काय द्यायचं, माफ केलेली लेक, की लेकीच्या खोट्या शपथेचं ओझं?

"चोरली होती, बाबा," तुदा म्हणाली. "माफ करा."

बासूनं डोळे पुसले. "जा, आता भाकर कर. तुझ्या हातची."

तिनं पीठ मळलं. त्या चुलीपुढं ती पहिल्यांदाच बसली होती. भाकर फुगली, छान फुगली. बासूला आधार देऊन बसवलं, त्यानं कडेचा तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावत राहिला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि बाकीची बाजूला ठेवली.

त्याच आठवड्यात तो गेला. मातीला आलेल्या बायका ओळीनं भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि तुदा चहा देत फिरत होती. आत्यानं पेला पुढं करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मन बघा त्याचं! चोर पोरीच्या हातचं खाऊन गेला. असा बाप कुणाला मिळतो?"

"खरं आहे, आत्या," तुदा म्हणाली आणि तिचा पेला काठोकाठ भरला.